एकशिपी

ताटात पुन्हा तिसऱ्याच, खाडीतल्या शिंपल्या. रात्रभर एस.टी.त बसून अंगाचा खुळखुळा झालेला, कानांत अजून इंजिनाची घरघर, विहिरीवर दोन कळश्या डोक्यावर ओतून घेतल्या आणि पाटावर येऊन बसलो तर समोर हे. भाताच्या डाव्या बाजूला ढीग. एकशिपी केलेल्या, म्हणजे एक शिंपलं विळीवर उडवून दिलेलं आणि दुसऱ्याला मांस चिकटलेलं, वर खोबऱ्याचं वाटप. "हिराकडसून मुद्दाम घेतलंय," आई म्हणाली, "तुका आवडतत म्हणान." हिरा म्हणजे आमच्या दारावर मासे घेऊन येणारी, तिलाही हे पाठ झालेलं आहे. वेंगुर्ल्यात मी आलो हे कळलं की ती पाटीत तिसऱ्या घालूनच येते. मी हसलो. या वाक्यावर मी जन्मभर असाच हसत आलो आहे. मला तिसऱ्या आवडत नाहीत. आवडत नाहीत म्हणणं फारच सौम्य झालं. ते लिबलिबीत मांस जिभेवर आलं की थुंकून टाकावंसं वाटतं, आणि कितीही धुतल्या तरी एखादीत रेती राहतेच, ती दाताखाली कचकन वाजली की मानेपर्यंत काटा येतो. माझ्या घरात, माझ्या आईच्या हातचं, मी डोळे मिटून औषधासारखं गिळतो. मुंबईत मी हे कुणाला सांगितलं तर लोक म्हणतील, मग सांगत का नाहीस बाबा, तोंड नाही का तुला? तोंड आहे हो. पण सांगायचं कुणाच्या वतीनं, हा प्रश्न आहे. कारण तिसऱ्या गुरुदासला आवडायच्या, हे अगदी खरं आहे. फक्त तो गुरुदास मी नव्हे.

माझ्याआधी एक गुरुदास होऊन गेला. आईचं पहिलं मूल. चौथ्या वर्षी घटसर्पानं गेला. त्याच्यानंतर माझी बहीण सुगंधा, आणि मग मी. पोर गेल्यावर पुढच्या मुलाचं नाव दगडू ठेवतात, धोंडू ठेवतात, म्हणजे मरणाची नजर लागू नये. तसं काहीतरी ठेवलं असतं तरी मी समजू शकलो असतो. धोंडू तर धोंडू, निदान स्वतःचा धोंडू! पण मी जन्मलो तेव्हा माझ्या वडिलांनी, त्यांना आम्हीच काय सगळं गावच दाजी म्हणायचं, देवळात जाऊन कौल लावला. गुरवानं देवाच्या अंगावर भिजवलेले तांदूळ चिकटवले, गाऱ्हाणं घातलं, आणि विचारलं की गेलेलो झील परत इलो काय? उजवीकडचा दाणा पडला. उजवा म्हणजे हो. संपलं. तोच परत आला, मग नाव दुसरं कशाला? तोच पाळणा, तीच वाळी, तीच दुपटी. लहानपणी मी पडलो की आजी म्हणायची, ह्यो आधीपण हयसरच पडलेलो. मला आठवायचं नाही. मला वाटायचं, आपली आठवणच कच्ची आहे. त्या देवावर माझा राग नाही, तो बिचारा काय करणार, त्याला उत्तरं देता येतात दोनच. हो नाहीतर नाही. हा कोण आहे, असं त्याला कुणी विचारलंच नाही.

आणि दाजी तर शाळामास्तर. मला शाळेत घालायची वेळ आली तेव्हा पहिल्याची जन्माची नोंद कचेरीत होतीच. नाव तेच, बाप तोच, आई तीच. माझी नोंद करायची राहून गेली होती. मग पुन्हा खेपा कशाला घाला? दाजींनी तीच तारीख घातली. सगळ्या जगाला काटकसर शिकवणारा माणूस, त्यांनी मुलाच्या तारखेतसुद्धा काटकसर केली. म्हणून कागदावर मी आहे त्यापेक्षा मोठा आहे. मी जन्मलोच नव्हतो तेव्हापासून मी आहे. मोठेपणी मी त्यांच्याशी यावरून भांडलो तेव्हा ते शांतपणे चष्मा पुसत म्हणाले, "अरे, फरक काय पडतो?" फरक काय पडतो! मला त्या वेळी उत्तर सुचलं नाही आणि गेल्या वर्षी ते गेले, आता सुचून उपयोग नाही.

उत्तर मला मिळालं मुंबईत, आणि मिळालं तेही कुठं तर ऑफिसात. मी ज्या कंपनीत आहे तिथं दोन वर्षांपूर्वी संगणक आला. खोलीभर यंत्र, थंडगार हवा, आणि आम्ही पाच-सहा जण निवडून त्याच्यासमोर बसवलेले. हजारो कामगारांची कार्डं भोकं पाडून तयार करायची, यंत्रानं ती एकामागून एक वाचायची. आता यंत्राच्या पोटात जागा बेताची. म्हणून एकाच जागेत पहिला माणूस वाचायचा, त्याचं काम झालं की त्याच जागेत दुसरा, मग तिसरा. आधी ती जागा पुसून घ्यायची असते. नाही पुसली आणि दुसऱ्याच्या कार्डावर एखादा रकाना कोरा असला, तर तिथं पहिल्याचंच राहतं. नाव याचं, पत्ता त्याचा. हे मला पहिल्या आठवड्यात शिकवलं तेव्हा माझ्या हातातली पेन्सिल खाली पडली. बाकीचे वहीत लिहून घेत होते आणि मला मात्र तोंडात रेती आल्यासारखं झालं होतं.

मग मी वेड्यासारखा त्याच्यामागे लागलो. माझं म्हणणं साधं होतं. पगाराच्या प्रोग्रॅममध्ये माणसाचं नाव, तारीख, पत्ता आम्ही नव्यानं मांडतो. रजेच्या प्रोग्रॅममध्ये पुन्हा तेच, फंडाच्या प्रोग्रॅममध्ये पुन्हा तेच, प्रत्येक जण आपापल्या पद्धतीनं, आणि पुसायची आठवण ज्याची त्यानं ठेवायची. त्यापेक्षा एक पेटी करा. माणसाची पेटी. त्याचं जे काही आहे ते तिच्यात एकत्र राहील. बाहेरून कुणी आत हात घालायचा नाही. काही हवं असेल तर पेटीला विचारायचं, ती देईल. काही बदलायचं असेल तर पेटीला सांगायचं, ती बरोबर-चूक पाहून ठेवील. आणि नवा माणूस आत यायच्या आधी ती स्वतःच स्वतःला पुसून घेईल. एकदा नीट लिहायची आणि सगळ्या प्रोग्रॅमांनी तीच वापरायची. पुन्हा पुन्हा वापरा, पण प्रत्येक वेळी आतला माणूस त्याचा तोच! मी हे बोलताना टेबलावर हात आपटले असावेत, कारण साहेब माझ्याकडे जरा काळजीनं बघत होते. मग ते हसले. "गुरुदास, पेट्याच करायच्या तर तुमच्या सावंतवाडीला जा. लाकडाच्या फार सुरेख मिळतात, वर रंगसुद्धा देतात." सगळे हसले. मीही हसलो, मला सवय आहेच. यंत्रात एवढी जागा नाही, एवढा वेळ नाही, आहे ते चालतंय ना, मग झालं तर. आहे ते चालतंय! दाजींचाच भाऊ हा.

आणि मागच्या महिन्यात तो कामगार आला. विशीतला पोरगा, मिसरूड नुकतं फुटलेलं, हातात आमच्याच यंत्रानं छापलेला कागद. त्याला सेवानिवृत्त केलं होतं. त्याच्या कार्डावर जन्मतारीख कोरी होती आणि त्याच्या आधीच्या कार्डावरच्या म्हाताऱ्याची तारीख त्याला चिकटली. कुणीतरी पुसायची ओळ लिहायला विसरलं. ऑफिसात एवढा हशा झाला की पोरगाही हसायला लागला, मग हसता हसता त्याचे डोळे भरले आणि तो म्हणाला, "पण साहेब, मी हाय ना कामावर? मला काढलं न्हाई ना?" मी उठून बाहेर गेलो. जिन्यात उभा राहिलो. माझी बायको सरला तेव्हा दिवसांत होती, आणि त्या जिन्यातच मी ठरवलं की माझ्या मुलाला कुणाचंही उरलेलं लागू द्यायचं नाही. नाव नवं. तारीख त्याची. आमच्या कुळात, तिच्या कुळात, दोन्हीकडच्या गोतावळ्यात कुणाचं नसलेलं नाव. मुलगा झाला तर सुहास. आमच्यात कधी कुणी सुहास नव्हता, मी विचारून खात्री करून घेतली आहे.

सरलाला आई नाही, म्हणून बाळंतपण आमच्याकडे वेंगुर्ल्यालाच झालं. मुलगा झाला. उद्या बारसं. आणि मी त्या ढिगातली दुसरी शिंपली तोंडाला लावतोय तोच आई समोर भिंतीला टेकून बसली आणि सहज, मीठ हवं का विचारावं तसं म्हणाली, "धोंड्याक घेवन देवळात जावन इलंय. उजवो कौल पडलो. तुझे दाजी परत इले. काशीराम नाव ठेवूया."

धोंडू म्हणजे आताचा गुरव, त्याच पहिल्या गुरवाचा मुलगा. म्हणजे तिथंही बापाच्या जागी मुलगा. "काय विचारलंस तू देवाला?" चिडलो की मी ऑफिसातलं मराठी बोलतो, मालवणी आटून जातं. "इचारलंय, आमच्या घरातला गेलेला माणूस परत इला काय म्हणान." "आणि डावा पडला असता तर?" "तर परत लावलो असतो," आई म्हणाली. असं आहे. मी म्हणालो, नाव ठरलेलं आहे. ती म्हणाली, कोणी ठरवल्यान? मी म्हणालो, मी, बाप आहे मी त्याचा. ती म्हणाली, बापाशीचो बापूस नाय काय कोण? आतल्या खोलीतून सरलाचा आवाज आला, "अहो, जेवताना कशाला वाद? ठेवू देत त्यांना काशीराम. आपण मुंबईत सुहास म्हणू." म्हणजे दोन नावं! बायको नव्हे, मध्यस्थ आहे ती. ज्या गोष्टीसाठी माझा जीव तळमळतोय तिच्यावर हिचा तोडगा असा, की इकडं एक आणि तिकडं एक. सुगंधा पाळण्याची दोरी वळत बसली होती, तिनं मान वर केली नाही. कानात नाव सांगायचं ते आत्या म्हणून तिनंच, आणि ती आईच्या शब्दाबाहेर कधी गेली नाही.

माझ्या डोळ्यांपुढं तो आतला चिमुकला जीव आला. अकरा दिवसांचा. मुठी वळून पडलेला, कपाळाला आठ्या घालून. उद्या कुणीतरी त्याच्या कानात म्हणणार काशीराम, आणि झालं, उद्यापासून त्यानं चष्मा पुसायचा, काटकसर करायची, दाजींना आवडायची ती कुळथाची पिठी त्याला आवडायला लागणार, न आवडून सांगतोय कुणाला? तो पडला की आई म्हणणार, दाजीपण हयसरच पडलेले. मला तो तिसऱ्यांचा ढीग दिसेना, सगळं धुरकट झालं, आणि मी ताट पुढं सरकवलं. जोरात सरकलं असावं, कारण शिंपल्या खळखळ करत जमिनीवर गेल्या. "मला तिसऱ्या आवडत नाहीत," मी म्हणालो. मग कुणाला कळलं नसेल म्हणून पुन्हा म्हणालो, "माका तिसऱ्यो आवडणत नाय, आई. कधीच आवडल्यो नाय. त्याला आवडायच्या. मला नाही. मी तो नाही. जन्मभर तुम्ही सगळ्यांनी मला..." पुढचं वाक्य आलंच नाही. एवढी वर्षं जे वाक्य घोटून ठेवलं होतं ते नेमकं त्या वेळी दगा देऊन गेलं.

आई शिंपल्या गोळा करत होती. "ठावक आसा," ती म्हणाली.

"काय ठावक आसा?"

"तुका आवडणत नाय ता. पयल्यापासून ठावक आसा. घास घेतलंस की तुझा नाक वर जाता." तिनं स्वतःचं नाक वर करून दाखवलं, आणि ते इतकं हुबेहूब माझं होतं की सुगंधा खुदकन हसली आणि मग घाबरून गप्प झाली. "तेचा नाय जाय. तो शिंपल्यो चोखून चोखून खाय, न् माका म्हणी, आये, आणि वाढ."

"मग मला का वाढतेस?" मी ओरडलोच. "कळत होतं तर मला का?"

आईनं शिंपल्या ताटात ठेवल्या. "तेका खंय वाढू?" ती म्हणाली. "पितृपक्षात म्हाळाक सगळ्यांका पान वाढतत. तुझ्या आजाक, पणजाक. औंदा दाजींकय वाढला. ल्हान पोराक पान नसता. मी भटजीक इचारलंय. तो म्हणालो, मुंज नाय झाली, तेका कायच नसता. मगे तेना खंय जेवचा?" ती पुढं म्हणाली, "तेचा नाव घेवन कोणाच्या तरी ताटात वाढूक होया मा. दुसऱ्या कोणाच्या वाढू?"

"पण कौल?" मी विचारलं. "तोच परत आला म्हणून?"

"देवान सांगल्यान. दाजींका पटला. बरा वाटला तेंका, दोन वेळ जेवूक लागले. मगे मी कित्याक बोलू?" ती उठली, ताट उचललं. "माका पाळण्यात बगल्याबरोबर कळला, ह्यो तो न्हय. येक दीस सुद्धा तू माका तो वाटलंस नाय रे. वाटलो असतो तर बरा झाला असता." आणि मोरीकडं जाताना, पाठमोरीच, "तुका होया ता नाव ठेव तुझ्या झिलाचा. दाजी काय परत येणत नाय, ता माकाय कळता."

मी तिथंच बसून राहिलो. उष्टा हात वाळत गेला. जन्मभर मला हे एक वाक्य ऐकायचं होतं. कुणीतरी माझ्याकडे बघून म्हणावं, तू तो नाहीस. आता म्हणालं, आणि कोण म्हणालं तर जिनं म्हणावं म्हणून मी लहानपणी तापाचं सोंग घेऊन पडून राहायचो तीच. मग आनंद का होईना? उलट मला एवढा संताप आला की वाटलं उठावं आणि विहिरीत जाऊन ओरडावं. माझा सगळा राग फुकट गेला होता. मी समजत होतो, हिच्या मनात एकच जागा, ती कुणी पुसली नाही, आणि मी त्या दुसऱ्याच्या उरलेल्यासकट तिथं येऊन पडलो. तसं नव्हतंच. तिनं दोघांना अगदी वेगवेगळं ठेवलं होतं, एकाचं दुसऱ्याला कधी लागू दिलं नव्हतं, आणि माझ्या नाकापर्यंत सगळं तिला माहीत होतं. ताट तेवढं एक होतं. आणि मला काय, साध्या मुलाला, हे कळायचं कसं? एकदा बोलायचं होतं तिनं! मीही एकदा विचारायचं होतं म्हणा. मी कधी विचारलं नाही. पण पोरानं काय काय विचारायचं?

दुसऱ्या दिवशी बारसं झालं. बायका जमल्या, घुगऱ्या वाटल्या, गोविंद घ्या गोपाळ घ्या झालं, सुगंधा पाळण्यावर वाकली आणि बाळाच्या कानात सुहास म्हणाली. आईनंच तिला तसं सांगितलं होतं. बाळ जांभई देऊन झोपलं. म्हाताऱ्या बायका एकमेकींकडं बघत होत्या, ह्या काय शिंच्या नाटकातला नाव, असं एक तर मला ऐकूही आलं. मी जिंकलो होतो. सरला माझ्याकडे बघून हसली आणि मी तिच्यावर डाफरलो, कशाबद्दल ते आता आठवत नाही.

त्याच्या पुढच्या दिवशी जेवायला बसलो. ताटात उकड्या तांदळाचा भात, तळलेला बांगडा, सोलकढी. बांगडा मला आवडतो. मी एक घास घेतला, दुसरा घेतला, आणि मग लक्षात आलं की भात नेहमीसारखा मधे नाही, उजवीकडं सरकवून वाढलाय. डावी बाजू रिकामी. वाढणाऱ्या हातानं सवयीनं जागा सोडली होती. "तिसऱ्यो?" मी विचारलं. "हिरा इल्ली," आई म्हणाली. "नको म्हणान सांगितलंय." "कित्याक?" "तुका आवडणत नाय मा." रुसून नाही, टोमणा मारून नाही. हवा कशी आहे सांगावं तसं. आणि ती पंखा घेऊन माशा वारायला लागली, माझ्या ताटावरच्या, आणि त्या रिकाम्या बाजूवरच्यासुद्धा.

यंत्रात पुसायची ओळ अगदी लहान असते. लिहायला विसरलं की अनर्थ होतो म्हणून मी साहेबांशी भांडलो, मित्रांशी अबोला धरला, रात्री झोपलो नाही. आणि आता इथं मी ती लिहिली. माझ्या तोंडानं. मला वाटलं होतं मी स्वतःला पुसून लख्ख करतोय. पण माझं तर काही पुसायचं नव्हतंच, मी आधीपासूनच मी होतो. पुसला गेला तो पहिला गुरुदास. त्याला ना पान, ना नाव, नाव तर मीच घेऊन बसलोय, ना तारीख, तीही माझ्याकडेच. एक कोपरा होता ताटाचा तेवढा त्याचा. चार वर्षांचं पोर ते! मला एकदम त्या कामगाराचा आवाज ऐकू आला, मला काढलं न्हाई ना? अशी चीड आली, त्या भटजीची, दाजींची, देवाची, आईची, आणि सगळ्यांत जास्त माझ्या या नाकाची. शिंच्याला खाली राहायला काय झालं होतं?

मी अर्ध्या जेवणावरून उठलो, हात धुतला, पायात वहाणा घातल्या. "खंय चललंस?" आईनं विचारलं. काजूच्या कारखान्यावरून धूर येत होता, त्या उग्र वासातून भरदुपारी डोकं तापवत बंदरावर गेलो. हिरा सावलीत पाटी उपडी घालून विडी ओढत बसली होती. "तिसऱ्यो होये," मी म्हणालो. "आवस तर तुझी नको म्हणाली," ती म्हणाली. "सांगान गेली, झिलाक आवडणत नाय. माका हसूच इला. गेल्या खेपेक एवढो ढीग खाल्लंस तू!" "आवडतत," मी म्हणालो. "दी."

आई पडवीत बसली होती. मी पिशवी तिच्यासमोर ठेवली. तिनं आत बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि विळी घेतली. मी तिच्या शेजारी बसलो. एकेक शिंपली ती पात्यावर धरायची, कट् करून उघडायची, एक कवच टाकायची आणि एक ठेवायची. बाळ आत रडायला लागलं, सरलानं त्याला घेतलं, "सुहास, सुहास" म्हणत ती फेऱ्या घालू लागली. नाव त्याला शोभत होतं. मला बरं वाटलं. आईनं खोबरं वाटलं, चुलीवर ठेवलं, आणि मला पाटावर बसवून वाढलं, डावीकडं, नेहमीच्या जागी, ढीगभर.

मी एक उचलली आणि तोंडात घातली. लिबलिबीत. रेतीसुद्धा होतीच, कचकन. नाक वर गेलंच, ते ऐकतंय कुणाचं. आई बघत होती. मी ती गिळली, शिंपली चोखली, पुन्हा चोखली, आणि दारातून बाहेर फेकली.

"आये," मी म्हणालो, "आणि वाढ."